डायरेक्ट केलेलं गेट

विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या गल्लीत राहणारा बाळाजी गायकर गेली अठरा वर्षं मोटरवर चालणारी गेटं बसवत होता. आधी तो अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता. कारखाना बंद पडला तसा उल्हासनगरात एका सिंधी शेठकडे शटरदुरुस्तीला लागला आणि तिथंच गेटच्या मोटरी खोलायला शिकला. पुढे बदलापूरकडे टॉवरांमागून टॉवर उभे राहिले आणि ज्याला त्याला सरकतं गेट हवं झालं. हात चांगला, बोलणं कमी आणि फोन केला की माणूस येतो, एवढ्या भांडवलावर त्याचं बरं चाललं होतं.

खरवईतल्या एका सोसायटीचं गेट त्यानंच तीन वर्षांपूर्वी बसवलेलं. सोळा फूट लांब, साडेचारशे किलो लोखंड. दोन्ही बाजूंना गुडघ्याच्या उंचीवर एकेक छोटा सेन्सर होता. त्यांच्यामधून माणूस, कुत्रं, सायकल, काहीही गेलं की बंद होणारं गेट जागीच थांबायचं आणि मागे सरकायचं. गेट सुरू केलं त्या दिवशी बाळाजीनं स्वतः मध्ये पाय घालून सगळ्यांना ते दाखवलं होतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कामाला येणाऱ्या बायकाही पिशव्या सांभाळत बघायला थांबल्या होत्या.

मार्चमधल्या एका रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी विष्णुपंत यांचा फोन आला. केमिकल कंपनीतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेला माणूस. वेळेचा पक्का, शब्द तोलून बोलणारा. त्या दिवशी मात्र आवाज चढलेला होता.

"बाळाजी, गेट बंदच होत नाहीये. सकाळपासून उघडं पडलंय."

बाळाजी गेला. गाडी मागे घेताना कुणाच्या तरी बंपरनं एका सेन्सरला धडक दिली होती. काच फुटली होती. फुटलेला सेन्सर मध्ये कायम कुणीतरी उभं आहे असंच सांगत होता, म्हणून गेट हलायला तयार नव्हतं.

"नवीन जोडी लागेल साहेब. मागवायला लागेल. दोन-तीन दिवस जातील."

"तीन दिवस गेट उघडं ठेवू? गेल्या आठवड्यात दोन बाइक चोरीला गेल्यात इथून. लोक मला फाडून खातील. काहीतरी कर ना, तात्पुरतं."

"तोवर वॉचमनला हातानं ओढू द्या."

"राजूला? बासष्टीला आलाय तो. त्याला झेपणार आहे का हे?"

बाळाजीला त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. शिवाय काय करायचं ते त्याला ठाऊक होतं, हाही एक भाग होताच. मोटरच्या बॉक्समध्ये सेन्सरच्या दोन टोकांमध्ये वायरचा बोटभर तुकडा जोडला की गेटला वाटतं, वाट मोकळी आहे. या धंद्यात त्याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. दोन मिनिटांचं काम. गेट गुरगुरत गेलं आणि खटकन बंद झालं. विष्णुपंतांचा चेहरा सैल झाला.

"पण साहेब, आता मध्ये कुणी आलं तर ते थांबणार नाही हां. लोकांना सांगून ठेवा. मी बुधवारी येतो."

"सांगतो, सांगतो."

बुधवारी बायकोच्या भावाकडे वास्तुशांत होती. पुढच्या आठवड्यात कुळगावात एका बिल्डरचं मोठं काम लागलं. सेन्सरची जोडी मधल्या काळात उल्हासनगरच्या शेठकडे आली, बाळाजीनं ती आणून पिशवीत टाकलीही. पिशवी उघडली की खोका दिसायचा आणि तो मनाशी म्हणायचा, उद्या खरवई. बंद पडलेल्या गेटासाठी दिवसातून दहा फोन येतात. चालणाऱ्या गेटासाठी कुणी फोन करत नाही. असे बेचाळीस दिवस गेले.

त्रेचाळिसाव्या दिवशी, सोमवारी सकाळी आठच्या सुमाराला विष्णुपंतांचा फोन आला. "गेट अडकलंय. लगेच ये." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

बाळाजी पोचला तेव्हा गेट अर्धवट ओढलेलं होतं. आजूबाजूला माणसं होती, पण कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. खांबाजवळ रुळात हिरव्या बांगड्यांचे तुकडे पडले होते आणि एक बाई बादलीनं पाणी ओतून फरशी धूत होती.

जे झालं ते त्याला तुकड्यातुकड्यांनी कळलं. खरवई गावातल्या गयाबाई, तिथं चार घरी पोळ्या करायला यायच्या. सव्वासातला एका गाडीच्या मागोमाग आत शिरत होत्या. गेट बंद होऊ लागलं होतं. लोखंडाच्या कडेनं त्यांना उचलल्यासारखं ढकलत नेलं आणि खांबावर दाबलं. उजवा हात खांद्यापासून मध्ये सापडला. त्या वेळी राजू कुरिअरवाल्याची सही घेत होता.

"बाळाजीभाऊ, ओरडणं ऐकलं तसा रिमोट दाबला मी," राजू सांगत होता. तो स्टुलावर बसला होता. "कितीदा दाबला, कळलंच नाही, गेट काय हलेना. मग चौघा-पाचांनी मिळून ओढलं."

बाळाजीनं मोटरचा बॉक्स उघडला. लाल वायरचा तुकडा होता तिथंच होता. त्यानं मागे बघितलं. सगळ्यांचं लक्ष पाण्याकडे होतं. त्यानं वायर ओढून काढली आणि खिशात घातली, पिशवीतून नवी जोडी काढली, आणि अर्ध्या तासात ती बसवूनही टाकली. आपण काय करतोय हा विचार त्याच्या मनात आलाच नाही असं नाही; आला, पण हात थांबले नाहीत. मग त्यानं गेट चालवून मध्ये पाय घातला. गेट थांबलं, मागे सरकलं.

विष्णुपंत त्याला बाजूला घेऊन गेले. त्यांच्या शर्टाच्या बाहीला रक्त लागलं होतं. ओढणाऱ्यांत तेही होते.

"पोलीस येऊन गेले. परत येतील. गेटमध्ये दोष नाही असं एक पत्र तुझ्या लेटरहेडवर दे. ती बाई घाईत घुसली, वॉचमनचं लक्ष नव्हतं. आता बघ, सेन्सर चालतोय की नाही? चालतोय."

बाळाजीनं मान हलवली. "संध्याकाळी आणतो," तो म्हणाला. तो निघाला त्याच वेळी परत आलेला हवालदार राजूला जीपमध्ये बसवत होता. राजू चपला शोधत होता. एक सापडली, दुसरी सापडेना, तसाच एका चपलेनं गेला.

घरी विठा भाजी निवडत बसली होती. नवरा दुपारच्या आधी कधी घरी येत नाही हे तिला ठाऊक होतं. त्यानं खिशातली वायर काढून तिच्यापुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

"बाई जिवंत आहे?"

"आहे."

"बघून आलात?"

"नाही."

"मग आधी जाऊन तिला बघा," विठा म्हणाली. "पत्रात काय लिहायचं ते नंतर लिहा."

दवाखान्यात गयाबाईंना शुद्ध होती. हात पांढऱ्या पट्ट्यांत उशीवर ठेवला होता. बोटांची टोकं तेवढी दिसत होती, सुजून काळीनिळी झालेली. शेजारी त्यांची मुलगी राजसी उभी होती. कुळगावात कपड्यांच्या दुकानात काउंटरवर असायची. तिथूनच तशी धावत आली होती, गळ्यात दुकानाचं ओळखपत्र होतं. बाळाजीला ती सोसायटीचा माणूस समजली.

"आईची काय चूक होती, सांगा ना काका? सगळे म्हणतात मध्येच घुसली, मध्येच घुसली."

गयाबाईंनी डोळे उघडले. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्पष्ट होते.

"घुसले मी. खोटं कशाला बोलू? सरकत व्हतं त्ये दिसत व्हतं मला. पन पयले थांबायचं ना त्ये. मानूस मधी आला का थांबायचं. मी सोता बघलेलं, त्या दिवशी, त्यानं पाय घालून दावलेलं. तवापासून मी भिईत नव्हते त्याला."

बाळाजीनं खाटेचा लोखंडी दांडा धरला.

"तो पाय घालणारा मीच," तो म्हणाला. "आणि त्याचं थांबणं बंद करणाराही मीच. सेन्सर फुटला होता. तो मी डायरेक्ट केला. बुधवारी येतो म्हणालो आणि आलो नाही."

राजसीला 'डायरेक्ट' म्हणजे काय ते लगेच कळलं नाही. बाळाजीनं समजावून सांगितलं, अगदी कामावर गिऱ्हाइकाला सांगावं तसं, वायर कुठं जोडली, काय झालं. सांगताना त्याचा आवाज कुठंच फाटला नाही, आणि त्याचीच त्याला लाज वाटली. तिनं पुरतं ऐकून घेतलं. मग दाराकडे बोट केलं.

"बाहेर व्हा. आत्ताच्या आत्ता."

गयाबाई छताकडे बघत होत्या.

दवाखान्याच्या बाहेर चहाच्या टपरीशेजारच्या बाकड्यावर बसून त्यानं लेटरहेड काढलं. गेट डायरेक्ट केलं ती मार्चमधली तारीख लिहिली, वार लिहिला. विष्णुपंत काय म्हणाले ते लिहिलं, आपण काय केलं ते लिहिलं, सकाळी वायर काढून नवी जोडी बसवली तेही लिहिलं. अक्षर चांगलं यावं म्हणून दुसऱ्यांदा उतरवून काढलं. एक प्रत घेऊन तो आधी खरवईला गेला. पाठीमागून वार केला असं म्हणायला कुणाला जागा राहू नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

विष्णुपंतांनी चष्मा लावून पत्र वाचलं, परत वाचलं.

"स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतोयस तू. आणि माझ्याही."

"साहेब, तुम्ही 'काहीतरी कर' म्हणालात, ते लिहिलंय. डायरेक्ट कर असं तुम्ही म्हणाला नव्हतात, तेही लिहिलंय. एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

"लोकांना सांगून ठेवा असं तू म्हणाला होतास, हे पण आहे यात."

"आहे."

विष्णुपंत उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी एक कागद काढला. सुबक अक्षरात लिहिलेली नोटीस होती: गेटचा सेन्सर बंद आहे, बंद होणाऱ्या गेटमधून कोणीही जाऊ नये. खाली मार्चमधल्या त्याच रविवारची तारीख आणि सही.

"त्याच संध्याकाळी लिहिली," ते म्हणाले. "बोर्डाच्या काचेची किल्ली सापडली नाही. उद्या लावू म्हटलं. मग तू बुधवारी येणारच होतास." ते खुर्चीत बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. "सकाळपासून हा कागद फाडावा की ठेवावा, तेच ठरवतोय मी."

त्या दिवशी ते बाळाजीबरोबर गेले नाहीत. बाळाजी एकटाच पोलीस ठाण्यात गेला, वायरचा तुकडा आणि पत्र टेबलावर ठेवलं आणि जबाब दिला. ठाण्यातल्या साहेबांनी त्याला तीनतीनदा तेच विचारलं. आपणहून असं सांगायला येणारा माणूस त्यांनाही खरा वाटेना. अंधार पडायच्या सुमाराला राजूला सोडलं. विठानं पाठवलेल्या बाळाजीच्या जुन्या चपला घालून तो घरी गेला. तिसऱ्या दिवशी विष्णुपंत स्वतः रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेले आणि ती नोटीस देऊन आले. त्याच आठवड्यात त्यांनी सेक्रेटरीपद सोडलं.

बाळाजीवर केस झाली. जामीन मिळाला, तारखा सुरू झाल्या. बातमी सोसायट्यासोसायट्यांच्या ग्रुपवर फिरली आणि त्याचं निम्मं काम सुटलं. काहींनी तोंडावर सांगितलं, काहींनी नुसते फोन उचलणं बंद केलं. त्यानं कुणाला समजवायचा प्रयत्न केला नाही. विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत बसवलेल्या सव्वीस गेटांची यादी मात्र काढली आणि न बोलावता एकेका ठिकाणी गेला. पाच गेटं डायरेक्ट केलेली निघाली. तीन दुसऱ्या कुणी केली होती. दोन त्याच्याच हातची होती, आणि आपण ती कधी केली हे त्याला काही केल्या आठवेना. त्यातल्या अंबरनाथच्या दुसऱ्या गेटापाशी तो बॉक्स उघडा ठेवून कितीतरी वेळ जमिनीवर बसून राहिला. तिथल्या वॉचमननं पाणी आणून दिलं.

गयाबाईंच्या हातात रॉड घातला. हात वाचला, पण बोटं मिटेनात. पोळी लाटणं संपलं. राजसी दुकानात जायच्या आधी दोन घरच्या पोळ्या करू लागली, आणि राजू नोकरी सोडून करमाळ्याकडे आपल्या गावी निघून गेला.

श्रावणात एका सकाळी खरवईच्या नाक्यावर बाळाजीला गयाबाई दिसल्या. डाव्या हातात पिशवी घेऊन त्या रिक्षाची वाट बघत होत्या. टाळावं असं त्याला वाटलं, पण त्यांनी त्याला आधीच बघितलं होतं. तो जवळ जाऊन उभा राहिला.

"कोर्टात माजी तारीख हाय पुढल्या महिन्यात," त्याच म्हणाल्या. "जे झालं त्ये सांगनार मी."

"सांगा."

"तुजा राग हाय मला. रातचा हात ठणकतो तवा तुला शिव्या घालते. खोटं नाय बोलत. त्यो राग काय जायाचा नाय." त्या थोडं थांबल्या. "पन त्या राजूला सोडवलास, त्ये बरं केलंस. गरीब मानूस व्हता."



रिक्षा आली. गयाबाईंनी पिशवी आत ठेवली आणि डाव्या हातानं दांडा धरून चढायला गेल्या. पाय पुरता वर येईना. बाळाजी आधार द्यायला पुढे झाला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या खेपेला त्या आपल्या आपण चढल्या. रिक्षा कुळगावच्या दिशेनं गेली. बाळाजीला बेलवलीत एका गेटची मोटर बघायला जायचं होतं. दहा वाजत आले होते. तो चालू लागला.