राजाच्या छातीवरची चकती

लग्न झाल्यापासून मी आमच्या ह्यांना सांगत आले, घाई करू नका, घाई करू नका. पण ऐकतील तर ते गेंग कसले!

राजा अंथरुणाला खिळला होता आणि वैद्यांनी हात टेकले होते. मेल्यावर त्याच्या छातीवर ठेवायची चकती आमच्याकडे घडत होती, जेड नावाच्या हिरव्या दगडाची. आभाळासारखी गोल, मधोमध भोक. त्याच भोकातून राजाचा जीव वर जायचा. चकती फुटकी निघाली तर जीव मातीतच अडकायचा. आणि ज्याच्या हातून ती फुटली, त्याला राजाबरोबर थडग्यात उतरवायचे. जिवंत.

जेडला भोक दोन्ही बाजूंनी पाडतात. वेळूची नळी, ओली वाळू आणि दिवसच्या दिवस फिरवणं. अर्धं इकडून, अर्धं तिकडून. आमची दोन भोकं मधे नीट जुळली नाहीत, आत एक कंगोरा राहिला. तो वाळूनं घासायला आठ दिवस लागतात. ह्यांनी काय करावं? लाकडी खुंटी घालून दाबलं. कट् असा आवाज झाला.

केसाएवढी चीर. भोकापासून निघालेली, काठाच्या निम्म्या वाटेवर थांबलेली.

"झालं समाधान?" मी ओरडले आणि मग खाली बसून रडले. हे नुसते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी मीच उठले. मेण वितळवलं, त्यात जेडची भुकटी कालवली, चीर भरली आणि दोन दिवस चामड्यानं घासली. डोळ्याला काही दिसेना. पण जेड डोळ्यांनी तपासत नाहीत, कानांनी तपासतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी महालाचा कारभारी पिन आला. सोबत यान आजोबा होते. महालातले आंधळे वादक, दगडी घंटा वाजवणारे. जेडचा कान साऱ्या राज्यात त्यांनाच.

"काय गं, आज आवाज नाही तुझा?" आजोबा म्हणाले. "एरवी नवऱ्याला झाडतेस ते वेशीपर्यंत ऐकू येतं."

हे कोपऱ्यात उभे होते, त्यांचे दात वाजत होते. मला ऐकू आले म्हणजे आजोबांनाही आलेच असणार.

पिननं चकती रेशमी दोरीला टांगली. आजोबांनी चाचपून लाकडी टिपरी हातात घेतली आणि मारली.

थप्प.

चांगली चकती घोटभर पाणी पिऊन होईतो घुमते. ही लगेच गप्प झाली. देवा, संपलं आता, असं मी मनात म्हटलं.

"हे काय हो आजोबा? अशी कशी वाजली?" पिननं विचारलं.

आजोबांनी दोरी चिमटीत धरून चोळली. "दोरी ओली आणलीस, गाढवा. ओल्या दोरीवर आवाज बसतो. चकती खणखणीत आहे."

"नक्की ना?"

"माझ्या कानावर भरवसा नसेल तर दुसरा कान शोध जा."

दुसरा कान कुठून आणणार? पिननं चकती कापडात गुंडाळली, गाठीवर चिखलाची मोहर उठवली आणि गाडी बोलवायला बाहेर गेला.

मी आजोबांच्या जवळ गेले. "तुम्ही ऐकलंत."

"भोकापासून निघून काठाच्या निम्म्यात गेलीय. बहिरा नाही मी."

"मग राजाचा जीव अडकला तर?"

"मी असेन की तिथे," आजोबा म्हणाले. "राजाबरोबर थडग्यात उतरवायच्या माणसांची यादी काल वाचून दाखवली मला. पहिलंच नाव. राजाला म्हणे माझ्या घंटांशिवाय झोप येत नाही." ते हसले. "अडकला तर मागून ढकलीन एकदा. नाहीतरी लहानपणापासून त्याला ढकलतच आलोय."

मला हसू आलं नाही.

"उगाच दोघं कशाला?" ते हळूच म्हणाले. "एक जातोय तेवढा पुरे. पायरी कुठे आहे, पोरी? हात दे."

मी हात दिला. त्यांनी पायानं पायरी चाचपली, पण उतरले नाहीत.

"फार भीती वाटते गं," ते म्हणाले. "खाली कुणाला सांगणार, म्हणून तुला सांगितलं."

मी हात घट्ट धरून ठेवला. गाडी आली तरी धरला होता. पिन गाडीवरून खेकसला, "सोड त्यांना, बाई, उशीर होतोय."

मागे ह्यांचा हुंदका ऐकू आला. मी हात सोडला.