‘बसलं’ म्हणणारी

आमच्या सूनबाईला मातीतलं कळतं, असं बाबांनी जेवताना तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी मीठ आणायच्या निमित्ताने उठले. मीठ समोरच होतं.

खोटं कशाला बोलू, मी तिच्यावर जळत होते. मनातल्या मनात, घुसमटून वगैरे नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. दोन वर्षांपूर्वी धाकट्याचं, म्हणजे माझ्या भावाचं, लग्न झालं आणि ही घरात आली. ती सायकल चालवते, डोंगरातल्या शर्यतींत उतरते, हे आम्हाला माहीत होतं. पण ती येऊन बाबांच्या शेजारी उभी राहील आणि मी समोर उकिडवी बसून चाकं पुसत राहीन, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आमचं सायकलींचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. साध्या सायकलीही दुरुस्त होतात, पण नाव आहे ते डोंगरात चालवायच्या सायकलींसाठी. शर्यतवाले लांबलांबून येतात आणि एकच विचारतात, कुठलं टायर लावू? भिंतीवर चाळीस खुंट्या आहेत, चाळीसही खुंट्यांवर टायरं. माती कोरडी आणि घट्ट असेल तर बुटक्या, दाटीवाटीच्या दात्यांचं, ते भराभर पळतं. खडी सुटी असेल तर मधल्या उंचीचं. दगडधोंडे असतील तर जाड बाजूंचं, मऊ रबराचं, आणि हवा जरा कमी. चिखलाला उंच आणि विरळ दाते, म्हणजे चिखल फटीत न अडकता गळून पडतो. आणि पुढच्या चाकाला मागच्यापेक्षा नेहमी जरा जास्त पकड द्यायची, कारण मागचं घसरलं तर माणूस सावरतो, पुढचं घसरलं तर आधी माणूस जमिनीवर आणि मग सायकल. हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. सतरा वर्षं तेच करतेय.

तेच म्हणजे बसवायचं काम. आमच्याकडे बाबांचा नियम आहे, निवडायचं एकाने आणि बसवायचं दुसऱ्याने. निवडायचे बाबा, बसवायची मी. टायर रिमवर चढवायचं, कडेला साबणाचं पाणी लावायचं, पंपाने एकदम जोरात हवा सोडायची. दोन्ही बाजू रिमच्या खाचेत टक्‌ टक्‌ करून बसतात. मग बसवणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, “बसलं.” आमच्या दुकानात या शब्दाचे अर्थ दोन. एक, टायर नीट बसलं. दुसरा, बसवणाऱ्यालाही ही निवड मान्य आहे. मान्य नसेल तर गप्प राहायचं, आणि तो शब्द निघेपर्यंत सायकल दाराबाहेर जात नाही. बाबा म्हणायचे, एकाची चूक दुसऱ्याच्या तोंडाशी अडली पाहिजे.

सतरा वर्षांत मी एकदाच गप्प राहिले. बाबा अर्धा दिवस धुसफुसले, मग स्वतःच उठून खुंटीवरून दुसरं टायर काढलं. तो गडी शर्यत जिंकला. बाबांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, आणि पेढे वाटायची अपेक्षा माझीही नव्हती. पण या घरात टायरमधलं हिला सगळ्यात जास्त कळतं, असं एकदा म्हणायला काय जात होतं? पिकतं तिथे विकत नाही, तसली गत.

तर यंदा बाबांचा गुडघा गेला. दरवर्षी शर्यतीच्या आदल्या दिवशी ते काठी घेऊन सगळी वाट चालत जायचे, जागोजागची माती रुमालात बांधून आणायचे आणि मग टायर ठरवायचे. यंदा डॉक्टरांनी चढ-उतार बंद केले. मी धरूनच चालले की आता मीच जाणार. शुक्रवारी बुटांना नवे बंद घातले. बाबा म्हणाले, “सूनबाई जाईल. तिला स्वतःलाच उतरायचंय शर्यतीत. तू बसव.” आणि वर म्हणाले की उद्या-परवा सगळं नीट पार पडलं तर निवड कायमची सूनबाईकडे. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

आणि बाई वाईट असती तर बरं होतं. तेही नाही. ताई ताई करत मागे यायची, माझा कामाचा कोट स्वतःच्या कपड्यांबरोबर धुवायची, दुखतं म्हटलं की मान चोळून द्यायची. बोट ठेवायला जागा नाही. अशा माणसाचा राग करणं किती अवघड असतं, ते ज्याने केलाय त्यालाच ठाऊक.

शनिवारी सकाळी ती शर्यतीची सगळी वाट चालून आली. सात रुमाल मेजावर उघडले. सगळ्यांत कोरडी माती. आठवडाभर कडक ऊन होतं, त्यात आश्चर्य नव्हतं. तिने चिमटीत चुरून पाहिली, वास घेतला, आणि पुढे-मागे दोन्हीकडे बुटक्या दात्यांचं टायर ठरवलं. सगळ्यात पळणारं. पुढेसुद्धा तेच. बाबांनी मान डोलावली आणि धाडस लागतं म्हणाले. मी म्हटलं असतं तर त्यालाच अतिशहाणपणा म्हणाले असते. पण वाट तशीच कोरडी राहिली असती तर तिचं बरोबरच होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि म्हणून जास्तच झोंबलं.

दुपारी सगळे वर जेवत होते, मी खाली एकटी. वनरक्षक सायकल ढकलत आला, पंक्चर झालं होतं. मी चाक काढलं, तो बाकावर बसून बोलत राहिला. बोलता बोलता म्हणाला की वरच्या रोपवाटिकेचा पाइप अकरा-साडेअकराला फुटलाय, मोठ्या दगडांच्या खालच्या वळणावर पाणी वाहतंय, दुरुस्तीचा माणूस सोमवारशिवाय येणार नाही. त्या वळणावर चिकणमाती आहे. कोरडी असली की फरशी, भिजली की साबण. तो म्हणाला, “तुम्हाला सांगितलं म्हणजे दुकानाला सांगितलं.” मी हो म्हटलं.

जिना चढून वर जायला मला बारा पायऱ्या होत्या. मी हात धुतले. मग पुन्हा धुतले. मनात एकच येत होतं, सुंठीवाचून खोकला गेला. मला काही करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. ती मागे पडेल, दहावी-बारावी येईल, बाबा म्हणतील, छे, घरची पोरच बरी.

पण आमच्या दुकानात गप्प बसून भागत नाही. संध्याकाळी मी तिची टायरं बसवली. हवा सोडली, टक्‌ टक्‌ आवाज झाला. चाक फिरवून बघितलं, कुठे लचक नव्हती. बाबा खुर्चीत, धाकटा दारात, ती माझ्यासमोर. तिने विचारलं, “ताई, बसलं?”

मी चाकाकडे बघत म्हणाले, “बसलं.”

टायर बसलंच होतं ना! खोटं काय बोलले मी? रात्रभर स्वतःला हेच सांगत होते. टायर बसलं होतं, म्हणून बसलं म्हणाले.

रविवारी सकाळी सुरुवातीच्या रेषेजवळ आयोजकांच्या माणसाने कर्ण्यावरून सांगितलं, खालच्या वळणावर थोडी ओल आहे, जपून. आमची बाकी गिऱ्हाइकं मधल्या दात्यांवर होती, त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिने मात्र वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की ताई, एवढ्या उन्हात पाणी कुठून आलं असेल? मी खांदे उडवले. टायर बदलायला अजून वीस मिनिटं होती. गाडीत दुसरी जोडी होती, पंप होता, मी होते. मी तिच्या हेल्मेटचा पट्टा नीट केला आणि शुभेच्छा दिल्या. इतकी गोड मी तिच्याशी कधीच वागले नव्हते.

मग मी त्या वळणावर जाऊन उभी राहिले. का गेले? बघायला गेले. ती चौथी होती, वरून सुरेख येत होती, दगडांवरून तर पाणी वाहावं तशी उतरली. वळणाआधी तिने वेगही कमी केला. पण पुढचं चाक त्या लाल चिकणमातीवर गेलं आणि सरळ बाजूला निघून गेलं. ती खांद्यावर पडली. हाड मोडल्याचा आवाज येतो, हे मला माहीत नव्हतं.

खांद्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं. सहा आठवडे हात बांधून ठेवायचा, सायकलीचं पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर बाबा तिला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की निवड चुकली, होतं असं. त्यावर तिने मान हलवली आणि म्हणाली, “माझंच चुकलं बाबा. यापुढे ताईंनी निवडावं.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सतरा वर्षांत प्रथमच असं, समोरून, माणसाकडे बघतात तसं. म्हणाले, “उद्यापासून तू.”

झालं. जे हवं होतं ते मिळालं. रात्री जेवण गेलं नाही. वाटलं, दमणूक असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोलीत खिडकीपाशी बसली होती. एका हाताने केस विंचरायला बघत होती. धाकटा कामावर गेलेला. मी आत गेले, तिच्या हातातून कंगवा घेतला आणि मागे उभी राहून गुंता सोडवायला लागले. केसांत अजून लाल माती होती. जरा वेळाने ती म्हणाली की माती कोरडीच होती, हातात घेऊन बघितली होती, वास घेतला होता. मग म्हणाली की रात्रभर आठवून आठवून बघितलं, कुठे चुकलं ते सापडतच नाही. म्हणजे आपल्याला मातीतलं काही कळतच नसणार, इतके दिवस उगाच वाटत होतं. हे ती रडवेली होऊन म्हणाली असती तर मी निभावून नेलं असतं. ती साधं म्हणाली, बाजारातून काहीतरी आणायचं राहिल्यासारखं.

खरं सांगते, तेव्हासुद्धा एक क्षण वाटलं, राहू दे. आठवड्याभरात विसरेल.

मी म्हणाले, “तुझं चुकलं नाही. माती कोरडीच होती. तू आल्यानंतर पाइप फुटला. शनिवारी दुपारी वनरक्षक मला सांगून गेला होता.”

ती वळली नाही. खिडकीतून बाहेर बघत होती. खाली कुणीतरी सायकलची घंटा उगाच वाजवत होतं.

“आणि तरी बसलं म्हणालात?”

“म्हणाले.”

“का?”

इतकं सरळ कुणी विचारलं की सरळच बाहेर येतं. मी म्हणाले की तू आल्यापासून मी जळतेय. बाबा तुझ्याकडे बघतात तसं माझ्याकडे कधी बघितलं नाही म्हणून जळतेय, आणि तू चांगली आहेस म्हणून तर आणखीच. संध्याकाळी बाबांना सगळं सांगणार आहे, निवडीचं काम मला नको. हे सगळं एका दमात बोलले. मग जे मी दोन दिवस स्वतःशी घोकत होते, तेही बोलले. “पण तू फक्त हरावीस एवढंच वाटत होतं गं. पडावीस असं नव्हतं मनात. शपथ घेऊन सांगते.”

तिने डावा हात मागे करून माझ्या हातातला कंगवा काढून घेतला. मग वळून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

“ओल्या चिकणमातीवर ते टायर पुढे असलं की माणूस हरत नाही, ताई,” ती म्हणाली. “पडतो. हे या घरात तुमच्याइतकं कुणाला कळतं?”