थांबलेली चाके

एकोणीसशे एकसष्ट साली, इटलीतल्या कास्तेलब्रीना गावाच्या चौकात, माझ्या एका फोटोमुळे एका चांगल्या माणसाला मान खाली घालावी लागली. मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. माझे चामडे कोपऱ्यांवर सोलले आहे, पट्टा केव्हाच तुटला. पण तो चौक आठवला की आजही माझ्या भिंगावर वाफ धरल्यासारखे होते.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात पडदा आणि केसासारख्या स्प्रिंगा बसवल्या. माझ्या डोक्यावर एक चकती होती. तिच्यावर आकडे कोरलेले होते आणि शेवटचा आकडा होता हजार. म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात मी डोळा उघडून मिटू शकत असे. त्या आकड्याचा मला फार अभिमान होता.

मला ओरेस्ते बेंदिनीने विकत घेतले. कास्तेलब्रीनाच्या चौकात त्याचा फोटो स्टुडिओ होता. त्याची बहीण इनेस फोटो धुण्याचे काम करी. समोर फोस्कोचे सलून होते. गावाची रीत अशी, की संध्याकाळी सगळे जण चांगले कपडे घालून चौकात फेऱ्या मारत आणि आमच्या दर्शनी काचेपाशी थांबून नवा फोटो बघत. काचेत जो जसा दिसे, तसा तो गावाच्या लेखी ठरे.

दुइलिओ तारोझ्झी हा मेकॅनिक ओरेस्तेचा लहानपणापासूनचा दोस्त होता. मोडक्या गाड्यांचे भाग जमवून त्याने स्वतःची लाल गाडी बांधली होती. त्या सप्टेंबरात पलीकडच्या डोंगरावरच्या चढणीच्या शर्यतीत तो दुसरा आला. गावात द्राक्षांची तोडणी चालू होती, त्यामुळे बघायला कोणी गेलेच नव्हते. गेलो होतो ओरेस्ते आणि मी.

चेस्टनटच्या झाडांखालच्या वळणावर आम्ही उभे होतो. खालून गाडीचा आवाज आला. ओरेस्तेने चकती हजारावर फिरवली आणि गाडी समोर येताच बटण दाबले. फोटो असा स्वच्छ आला की चाकातली तार न् तार दिसत होती. मी मनातून फुगलो. तो मोठा करून काचेत लावला गेला.

संध्याकाळी फोस्को गळ्यातला टॉवेल न काढताच पुढे आला.

"काय रे दुइलिओ, मध्येच गाडी लावून आळंबी वेचायला उतरला होतास का?"

"हँडब्रेक सोडायचा राहिला असेल," मागून कोणीतरी म्हणाले.

"आणि म्हणे दुसरा आला! घड्याळवाल्यांना डुलकी लागली असणार."

"फोस्को, जीव मुठीत धरून चढलोय मी," दुइलिओ म्हणाला.

"असेल बाबा. पण फोटोत तुझ्या गळ्यातला रुमालसुद्धा हलत नाही!"

चौक हसला. दुइलिओही आधी हसला, मग त्याचे कान लाल झाले आणि तो निघून गेला. गावाने त्याचे नावच 'उभा दुइलिओ' ठेवले. तो आमच्याकडे कॉफीला येईनासा झाला. ओरेस्ते त्याच्या गॅरेजवरून जायचे टाळून मागच्या बोळातून जाऊ लागला. मला लाज वाटे. ज्या आकड्याचा मी तोरा मिरवला, त्यानेच धावणारी चाके थांबवली होती.

इनेसने एकदा भावाला सुनावले. "माणूस गाडी बघताना मान वळवतो. तू खांबासारखा उभा राहिलास. सगळंच थिजलं, मग वेग दिसणार कुठे?"

त्या हिवाळ्यात ओरेस्ते गाडीबरोबर वळायला शिकला. खाटकाची सायकल, पोस्टमनची स्कूटर, जे येईल त्यावर सराव. चकती आता तिसावर, म्हणजे डोळा सेकंदाचा तिसावा भाग उघडा. गाडी जिथे समोर येणार त्या बाजूला पाय रोवायचे, कोपरे बरगड्यांना चिकटवायची, दुरूनच तिला भिंगात धरायचे आणि कमरेतून तिच्याबरोबर वळत राहायचे. सुरुवातीला फोटो म्हणजे नुसता राखाडी चिखल. खाटकाचे डोके कधी आलेच नाही.

"बटण दाबलंस की थांबतोस तू," इनेस म्हणाली. "मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळताना हात थांबला तर काय होतं?"

"गुठळ्या."

"मग? दाबल्यावरही वळत राहा."

पुढच्या सप्टेंबरात आम्ही त्याच वळणावर उभे राहिलो. लाल गाडी आली. ओरेस्तेने तिला खालच्या पुलापासून धरले, हलकेच बटण दाबले आणि वळतच राहिला. काय फोटो आला, मित्रांनो! दुइलिओचे कपाळ, गाडीचे नाक अगदी स्पष्ट, चाके धुरासारखी आणि मागची झाडे आडव्या रेघा होऊन पळणारी. काचेत तो लावला तेव्हा फोस्को एक पाऊल मागे सरला. "बाप रे, अंगावर येतेय ही!" लोक टाळ्या वाजवू लागले. ओरेस्तेला वाटले, दोस्ताचे देणे फेडले आपण.

तेवढ्यात गर्दीतून दुइलिओ पुढे आला. त्याने फोटो बराच वेळ पाहिला.

"ओरेस्ते, यंदा माझा गिअर अडकला होता. मी शेवटचा आलो. बैलगाडीसारखा रखडत गेलो त्या वळणावरून."

"मला वाटलं, तुला बरं वाटेल..."

"गेल्या वर्षी मी पळालो तर तू मला उभा केलास. आता रखडलो तर पळवतोस? मला खोट्या टाळ्या नकोत रे. माझी खरी चढण दे."

मी ओरेस्तेच्या छातीवर लटकलो होतो. त्याने मान खाली घातली, आणि मला वाटले, कुठून मला डोळा दिला कारखान्यातल्या त्या बायकांनी!

दुसऱ्या दिवशी इनेसने जुना फोटोही बाहेर काढला. दोन्ही शेजारी शेजारी लावले. थांबलेल्या चाकांखाली तिने ठळक अक्षरांत लिहिले, 'दुइलिओ, दुसरा'. उडणाऱ्या गाडीखाली लिहिले, 'दुइलिओ, शेवटचा'.

संध्याकाळी फोस्कोने ते दोनदा वाचले. "आता मला माझ्या आरशाचाही भरवसा राहिला नाही," एवढेच पुटपुटला. त्यानंतर 'उभा' हा शब्द कोणी उच्चारला नाही. दुइलिओ काचेसमोर थांबला, टोपी मागे सारली आणि म्हणाला, "आता बरोबर. चल ओरेस्ते, कॉफी पाज."

फोस्कोने म्हातारपणी सलून पुतण्याला दिले. आपण कधी हसलो होतो, हे त्याने शेवटपर्यंत मान्य केले नाही. इनेस बोलोन्याला एका छापखान्यात लागली आणि तिथेच संसाराला लागली. ओरेस्तेची नजर अधू झाली, तरी कोणतीही मोटार गेली की त्याची कंबर आपोआप वळे. दुइलिओ पुन्हा कधीच दुसरासुद्धा आला नाही. ओरेस्तेने त्याला दिलेले ते दोन फोटो मात्र त्याच्या गॅरेजात अजून आहेत. नजर गेल्यावर ओरेस्तेने मलाही तिथेच ठेवले; मी त्यांच्याखाली, तेलाच्या डब्यांशेजारी पडून आहे.

मित्रांनो, माझा पडदा आता आखडला आहे. हजारावर तो उघडतच नाही, तिसावर कसाबसा उघडतो. कधी इकडे आलात तर माझे भिंग मऊ फडक्याने पुसा आणि एकदा तरी बटण दाबा. आणि कोणाचा एकच फोटो पाहून हसू आले, तर हसण्याआधी त्या माणसाला विचारा, वळणाच्या अलीकडे काय झाले होते, आणि पलीकडे काय झाले. मला ते विचारता येत नाही. मी फक्त डोळा मिटतो.