मेंदू गंजू नये म्हणून

मी एक गाभण घोडी बोलतेय. गाडीची नव्हे, शर्यतीची तर नव्हेच. मॅनिटोबाच्या माळावर कॉर्नी फ्रीसनच्या तबेल्यात माझा जन्म गेला आणि काम एकच होतं, मुतणं. हसू आलं? येऊ द्या. माझं मूत गोळ्या होऊन कितीतरी घरांत पोचलंय, तिथं कुणी हसत नाही.

गाभण घोडीच्या मुतात, पाळी जाताना बायकांच्या उपयोगी पडणारं संप्रेरक उतरतं. ते मिळावं म्हणून बर्फ पडायच्या आत आम्हाला तबेल्यात बांधायचे. मागे रबराची पिशवी, तिची नळी डब्यात. धड वळताही यायचं नाही. मूत दाट उतरावं म्हणून पाणी बेताचंच. वसंतात शिंगरू व्हायचं, शरदात ते लिलावाला जायचं आणि मी पुन्हा गाभण. माझं एकही पोर मला मोठं झालेलं पाहता आलं नाही.

कॉर्नीची आई जस्टिना तेवढी माणसासारखी वागायची. सूर्यफुलाच्या बिया फोडत, टरफलं थुंकत यायची आणि मुलाची पाठ वळली की माझ्यापुढे जास्तीचं पाणी ओतायची. म्हणायची, "पी गं बाई. पोटात पोर घेऊन तहानलेलं उभं राहणं या पुरुषांना काय कळणार!"

मग सत्तरी उलटल्यावर ती विसरू लागली. पाणी देऊन जायची आणि लगेच पुन्हा घेऊन यायची. मी मुकाट्यानं पीत होते.

त्या हिवाळ्यात कंपनीचा माणूस तपासणीला आला. कॉर्नीनं आईचं दुखणं सांगितल्यावर म्हणाला, "अहो, याच रसात मेंदूच्या पेशी वाचवायचा गुण आहे. लोखंडाला गंज चढतो ना, तसलं काहीतरी मेंदूत होतं, ते हे थोपवतं. उंदरांवर करून पाहिलंय."

गावातला डॉक्टर मात्र बधला नाही. पाळी जाताना घेणं वेगळं, या वयात घेणं वेगळं, म्हणाला. कॉर्नी तबेल्यात येऊन तणतणला, "घोड्या आपल्या, कष्ट आपले, आणि आपल्याच आईला औषध नाही?" शेवटी त्यानं दुसऱ्या डॉक्टरकडून चिठ्ठी आणलीच.

सून नेटी सासूला चिडवायची, "आई, आयुष्यभर घोड्यांचं मूत भरलंत, आता गोळी गिळताना नाक काय मुरडता?"

"गिळते गं. पण माझ्या चहात विरघळवलीस तर याद राख!"

मला पहिल्यांदाच माझ्या कामाचा अभिमान वाटला. मी देत होते ते जस्टिनासाठी होतं.

पण ती सावरली नाही. उलट झपाट्यानं ढासळली. गोळीनं की दुखण्यानंच, ते मी कोण सांगणार? मग एका सकाळी तबेल्यातला रेडिओ बोलला. म्हाताऱ्या बायकांना ही गोळी देऊन पाहिली होती. त्यांची स्मृती वाचली नाही, उलट ती जाण्याचा धोकाच वाढला. कॉर्नीनं रेडिओ बंद केला आणि माझ्या मानेला कपाळ टेकून उभा राहिला.

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" मागून आलेली नेटी म्हणाली.

"रोज तिच्या हातावर मीच ठेवत होतो, नेटी."

बायकांनी गोळ्या सोडल्या, कंपनीनं आम्हाला सोडलं. ट्रक आला. आम्ही फळीवरून चढत होतो, तर रांगेत माझ्यामागे जस्टिना.

"आई, तू कुठं?" कॉर्नी धावला.

"यांना कुठं नेताय?"

"दुसऱ्या शेतावर."

"मग मलाही न्या ना, दादा. इथं माझ्या ओळखीचं कुणीच नाही."

कॉर्नीनं तिला उचलून खाली घेतलं. तो पोरासारखा रडत होता आणि ती परक्या माणसाची समजूत घालावी तशी त्याची पाठ थोपटत होती.

आता मी लिलावाच्या आवारात उभी आहे. इथं खाटीक वजन पाहतात, बाकी काही विचारत नाहीत. ज्यांनी उंदीर वाचवले त्यांचा शोध खोटा नसेलही, पण माझा त्यांच्यावर राग आहे आणि तो जाणार नाही. माझं व्हायचं ते होईल. फ्रीसनांच्या घरावरून कधी गेलात तर आत जा आणि त्या म्हातारीशी ओळख करून घ्या. रोज नव्यानं करावी लागेल.