थांबलेल्या खेळाचं संगीत

‘माझा सगळा दिवस दुसऱ्यांच्या तोंडात जातो,’ असं कवळ्या बनवणाऱ्या बाई म्हणायच्या. विनोद चांगला होता, पण तो ऐकायला खोलीत दुसरं कुणी नसायचं. तीन दंतवैद्यांकडून जबड्यांचे ठसे डब्यांतून यायचे. बाई त्यावरून साचा ओतायच्या, गुलाबी मेणात एकेक दात बसवायच्या, शेवटी कवळी घासून चकचकीत करून डब्यात परत पाठवायच्या. कुणाचा जबडा अरुंद आहे, कोण फक्त डावीकडून चावतं, हे त्या बोटांनी ओळखायच्या. ती माणसं मात्र त्यांनी कधी पाहिली नव्हती. डब्यावर नावसुद्धा नसे, नुसता आकडा.

चार वर्षांपूर्वी आई गेली. त्याआधीची तीन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती आणि बाईंनी एकटीने तिचं सगळं केलं. आई गेल्यावर तिचं कपाट आवरताना खालच्या कप्प्यात जुना व्हिडिओ गेम सापडला, वायरीसकट. त्यात एक होडीचा खेळ होता. बाई आणि त्यांचा धाकटा भाऊ शाळेतून आले की तोच खेळत बसायचे. आईने जेवायला हाक मारली की खेळ थांबवायचा, पण बंद करायचा नाही. थांबवला की होडी पाण्यावर नुसती डुलत राहायची आणि आठ सेकंदांची एक धून पुन्हा पुन्हा वाजायची. खेळातलं बाकीचं संगीत बाई विसरल्या होत्या. ही धून त्यांना जेवणाच्या वासासकट आठवली.

त्या धुनेचं बाईंनी गाणं केलं. घरात जुना की-बोर्ड होता, कॉम्प्युटर होता, आणि कुणी वाट बघत नसल्यामुळे वेळ तर हवा तेवढा होता. धून निम्म्या वेगावर आणली, खाली खर्जातले लांबलचक सूर धरले, मागे पाण्याचा आवाज ठेवला. आठ सेकंदांची चाळीस मिनिटं झाली. तीन महिने खपून त्यांनी ती इंटरनेटवर चढवली. चढवताना स्वतःचं नाव काय द्यावं सुचेना, तेव्हा समोर पडलेला साचा बघून ‘जबडा’ असं लिहून टाकलं.

पहिले दोन महिने काळं कुत्रंही फिरकलं नाही. मग कसं कोण जाणे, लोक यायला लागले.

‘आमचं बाळ यावर सहाव्या मिनिटाला झोपतं. जबडाभाऊ, तुम्हाला शंभर वर्षं आयुष्य लाभो.’

‘मी लिफ्ट दुरुस्त करतो. खाली खड्ड्यात एकटा असलो की हेच लावतो. भीती वाटत नाही.’

‘मूळ संगीताची पार वाट लावलीत.’

‘चांगली वाट लावली आहे. अशीच लावत राहा.’

‘हा खेळ मी कधी खेळलो नाही. तरी मला माझं लहानपण का आठवतंय?’

दुपारी जेवायला बसल्या की बाई हे वाचत राहायच्या. बाळाची आई दर आठवड्याला लिहायची. बाळाला आता दात येत होते. बाईंना हसू आलं. बिनदाताच्या माणसांसाठी त्या आयुष्यभर राबल्या, हे मात्र नवंच गिऱ्हाईक! लिफ्टवाला चार दिवस दिसला नाही तर त्यांचा जीव टांगणीला लागायचा. मात्र त्यांनी कधीच कुणाला उत्तर दिलं नाही. काय लिहायचं? सगळे त्यांना भाऊ समजत होते, आणि आपण बाई आहोत हे सांगायला गेलं तर पुढे आणखी काहीबाही सांगावं लागेल, असं त्यांना वाटायचं.

एके दिवशी ‘ओला मोजा’ नावाच्या कुणीतरी लिहिलं, ‘आमच्याकडे खेळ थांबवून जेवायला बसायचो. ताई म्हणायची, टीव्ही बंद करू नका, होडीला एकटं वाटेल.’

बाईंच्या हातातला घास हातातच राहिला. हे वाक्य त्यांचं होतं. आईने कितीदा तरी वीज वाया जाते म्हणून कटकट केली होती, आणि त्यांनी दर वेळी हेच उत्तर दिलं होतं.

धाकट्याशी त्यांचा चार वर्षं अबोला होता. आईची शुद्ध हरपल्यावर तो दुसऱ्या गावाहून आला आणि दारातच म्हणाला, “इतकं बिघडलंय हे मला आधी का नाही कळवलंस?” तीन वर्षांची जागरणं बाईंच्या तोंडी आली. “कळवून तू काय करणार होतास? उभा राहून बघणार होतास?” आईचं सगळं झाल्यावर तो बॅग उचलून गेला. फोन त्याने केला नाही, बाईंनीही केला नाही.

आणि आता हा ओला मोजा. पावसात खेळून आलेला, तसेच मोजे घालून टीव्हीपुढे बसणारा धाकटा त्यांच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या दिवशी एका कवळीचे समोरचे दोन दात वाकडे बसले आणि सगळं मेण उकरून पुन्हा बसवावं लागलं. संध्याकाळी त्यांनी आयुष्यातलं पहिलं उत्तर लिहिलं. आधी चार ओळी लिहिल्या, मग तीन खोडल्या. उरलं ते एवढंच, ‘ताई आता कुठे असते?’

उत्तर यायला तीन दिवस लागले. बाई दर तासाला हात पुसून फोन बघत होत्या.

‘ताई नाही. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा गेली. ती काय बोलायची ते आठवतं, आवाज आठवत नाही. विचारलंत, बरं वाटलं. तिच्याबद्दल आता कुणी विचारत नाही.’

बाईंची आधी निराशा झाली, मग त्या निराशेची शरम वाटली. एका माणसाची बहीण गेली होती आणि आपल्याला वाईट कशाचं वाटलं, तर तो आपला भाऊ निघाला नाही याचं! त्यांनी लिहिलं, ‘मीही एक ताईच आहे. मीही हेच म्हणायची. तुमच्या ताईचा स्वभाव कसा होता?’ त्याने लांबलचक लिहिलं. ताई चिडकी होती, शिट्टी झकास वाजवायची, हरली की पट उधळायची. बाईंनी ते सगळं दोनदा वाचलं.

रविवारी सकाळी त्यांनी धाकट्याला फोन लावला. नंबर पाठ होता.

“कोण?”

“मी.”

मागे नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला.

“ताई? काय झालं? बरी आहेस ना?”

“काही झालं नाही. तुला होडीचा खेळ आठवतो का रे?”

“कुठला खेळ?”

“होडीचा. थांबवून जेवायला बसायचो बघ. ती धून वाजायची.”

“धून नाही आठवत,” तो म्हणाला. “तू रिमोट मांडीखाली दाबून जेवायला बसायचीस, ते आठवतं. मी हात लावीन म्हणून. माझी पाळी कधी यायचीच नाही.”

“काहीतरीच! यायची की.”

“नाही यायची, ताई.”

बाई वाद घालणार होत्या, पण मांडीखालचं ते टोचणं त्यांना खरंच आठवलं. मग त्या दुसरंच बोलल्या. “त्या दिवशी दारात मी जे बोलले ते बोलायला नको होतं.”

“मी आधीच यायला हवं होतं,” तो म्हणाला. मग एकदम म्हणाला, “माझी खालची दाढ हलतेय गं. काढू की ठेवू?” बाईंचा जीव भांड्यात पडला. दाढेवर त्या दहा मिनिटं बोलल्या.

फोन ठेवण्याआधी त्यांनी त्याला गाणं पाठवलं. दोन दिवसांनी त्याचा निरोप आला, ‘पूर्ण ऐकलं. छान आहे. पण मला काही आठवलं नाही.’

बाईंनी तो निरोप बराच वेळ समोर ठेवला. जगभरच्या माणसांना त्या धुनेत आपापलं घर सापडलं होतं. ज्याच्या शेजारी बसून ती ऐकली, त्याला तेवढं सापडलं नव्हतं. आता ती संध्याकाळ जशीच्या तशी आठवणारं जगात एकच माणूस उरलं होतं. बाई उठल्या, आणि नवा डबा उघडून ठसा उजेडात धरला. वरचा जबडा, उजवीकडे खूप झिजलेला.

धाकटा आता दर रविवारी फोन करतो. दाढ काढली. ‘येऊन जा’ असं त्याने अजून म्हटलेलं नाही, आणि बाईंनीही ‘येऊ का’ असं विचारलेलं नाही.