कापशीची झेप

"मग मी खेळायचा तरी कशाला?" संदेश वैतागून मागे टेकला. "हिची पाखरी वर उडनार, वरनं बान मारनार. माजी तलवार तिथपर्यंत पोचतच नाय."

"मी काय करू? तिला पंख हायत," संगीता म्हणाली.

दोघांनी रविनाकडे पाहिलं. खेळ तिचा होता. शहापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवता शिकवता वर्षभर ती तो रचत होती. चौकोनी रेघांचा कागद, प्रत्येकाचं एकेक पात्र. आपलं पात्र काय करतं ते खेळणाऱ्यानं सांगायचं आणि ते साधलं की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. बाकी सगळं जमलं होतं, उडणाऱ्याची लढाई तेवढी जमत नव्हती. पंख काढले तर शेजारची संगीता रुसणार. ठेवले तर चुलतभाऊ संदेश वाशिंदच्या कारखान्याची आठवड्यातली एकुलती एक सुट्टी इथं फुकट घालवणार नव्हता.

रविनाचे वडील नवसू दाराशी वाल सोलत बसले होते. एकतीस वर्षं ते मुंबईला पाणी नेणाऱ्या तानसाच्या पाइपलाइनीवर गस्तीला होते. रोज ठरलेला पट्टा चालायचा, गळती दिसली तर कळवायची. त्या नोकरीबद्दल घरात कुणी कधी काही विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं काही आहे असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

"कापशी बगितलीस का गो?" ते म्हणाले.

"कुठली कापशी, बाबा?"

"पांढरी घार. भातावर एका जागी पंख मारत उबी ऱ्हाते. तवा तिला उंदीर दिसतो. पन तवाच ती पन सगल्यांना दिसते. मग पडते. धरला तर धरला. चुकली तर भुईवर. परत वर चढंपर्यंत कावले तिला सोडत नाय."

रविनानं वही ओढली. "चुकते किती वेळा?"

"दहात चार-पाच. जास्त वरनं पडली तर जास्त."

"तुमी मोजलंत?"

"चालायचा आनि बघायचा. दुसरा काय होता तिथं?"

त्या दुपारी वाल तसेच राहिले. रविनानं बाटल्यांची टोपणं आणली. जितकी उंची तितकी टोपणं पात्राखाली. एक पाळी हवेत थांबायचं, तेव्हा खालच्यानं भाला फेकावा; तो तलवारवाल्याला आता नव्यानं दिला. पुढच्या पाळीला झेप. प्रत्येक टोपणामागे घाव मोठा, पण नेमही अवघड. आधी पंधराच्या वर आकडा लागेल असं ठरलं. संगीताची झेप चारदा फुकट गेली, तशी ती चिडली.

"एवढी काय आंधली नाय ती," नवसू म्हणाले.

मग एका टोपणाला निदान दहा, दोनाला बारा, तीनाला चौदा. चुकलं तर पात्र जमिनीवर आणि एक पाळी उडणं बंद. पाचव्या लढाईत संदेश जिंकला, सहावीत संगीता, सातवीत दोघंही ओरडत उभी राहिली. आतून आईनं चहा आणून ठेवला, तो निवला.

पुढच्या रविवारी संगीता धसईला मामाकडे गेली होती. रविनानं तिचं पात्र वडिलांपुढे सरकवलं. नवसूंनी नाही म्हटलं, पण सतरंजीवर येऊन बसले. पहिल्या पाळीला त्यांनी पात्र दोन टोपणांवर थांबवलं. संदेशचा भाला हुकला. मग त्यांनी फासा दोन्ही हातांत घोळवून टाकला.

अकरा.



"काका, परत टाका," संदेश म्हणाला. "पयलाच डाव हाय तुमचा."

"बारा लागत होते ना?"

"एकानं तर चुकलाय."

"ती एकानंच चुकते रे." नवसूंनी पात्र टोपणांवरून उचललं आणि संदेशच्या तलवारवाल्याशेजारी, कागदावर नीट उभं केलं. "आता भुईवर हाय ती. मार."

संदेशनं फासा उचलला. नवसू हात मांडीवर ठेवून ताठ बसले होते, त्याच्या टाकण्याची वाट पाहत.