आरशावरचं दव

बळवंतकाका देव बायपाससाठी पुण्याला लेकीकडे निघाले, तेव्हा त्यांनी आपली दुर्बीण कीर्तीच्या ताब्यात दिली. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर ते जयपुरातच राहिले होते. दुर्बिणीच्या नळीत तळाशी बसवलेला आठ इंची आरसा त्यांनी दोन वर्षं हातानं घासून घडवला होता. साताऱ्याहून जयपूरच्या सीतापुऱ्यातल्या सॉफ्टवेअर कंपनीत आलेली कीर्ती दर शनिवारी त्यांच्या गच्चीवर ग्रह बघायला जायची.

"गच्चीवरच झाकण लावायचं, मग खाली आणायची. आणि उबेत न्यायची नाही," त्यांनी दोनदा बजावलं होतं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तिनं विद्याधर नगरातल्या आपल्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर दुर्बीण लावली. जानेवारीची थंडी बोटं बधिर करत होती. शनीची कडी नुकती स्थिर दिसू लागली, तेवढ्यात धुकं उतरलं. नळी हाताला ओली लागली. आरसा भिजेल या धास्तीनं तिनं सोबत राहणाऱ्या मैत्रेयीला हाक मारली, आणि दोघींनी नळी उचलून थेट खाली, हीटरशेजारी आणून ठेवली. झाकण गच्चीवरच राहिलं. कुकरच्या वाफेनं खोली कोंदली होती.

कीर्तीनं बॅटरी मारून आत पाहिलं. गार आरसा वाफेनं पांढरा पडला होता. बघता बघता त्यावर थेंब धरले.

"थांब, माझी ओढणी मऊ आहे," म्हणत मैत्रेयीनं नळीत हात घातला.

"नको! हात लावू नकोस!" कीर्ती किंचाळली. आरशाचा मुलामा कपड्यानं ओरखडतो, एवढं तिला माहीत होतं. पण मग करायचं काय? काकांना विचारावं, तर उद्या सकाळी त्यांची छाती उघडायची होती. न विचारावं, तर आरसा जायचा. शेवटी तिनं नंबर लावला.

फोन काकांच्या पत्नीनं, सुमनकाकूंनी घेतला. "अगं, डॉक्टरांनी बजावलंय, कसलाही ताण नको."

"काही नाही काकू, सहजच केला होता," कीर्ती म्हणाली. पण बोलता बोलता तिला रडू आलंच. मागून काकांनी विचारलं, "कीर्ती का? दे इकडे."

तिनं सगळं सांगितलं.

"पुसलंस?"

"नाही."

"मग रडतेस कशाला? हीटर बंद कर. दुर्बीण गार, कोरड्या खोलीत ने. नळी आडवी ठेव, म्हणजे आरसा उभा राहील, थेंब ओघळून जातील. तोंड उघडं ठेव. फुंकर मारू नकोस. आणि सकाळपर्यंत आत डोकावू नकोस."

"काका, तुम्ही..."

"मला झोपेची गोळी दिलीय. तू जागी राहा."

दोघींनी बिनवापराच्या मागच्या खोलीत नळी आडवी केली. कीर्ती रजई लपेटून दारात बसली. डोळा लागला की दचकून उठायची. एकदा आरशाचं स्वप्न पडलं, एकदा काकांचं.

उजाडल्यावर तिनं आत पाहिलं. आरसा कोरडा होता. कडेला थेंब सुकल्याचे दोन फिकट डाग, बाकी स्वच्छ. तिला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

त्या दिवशी तिनं रजा टाकली. दुपारी पावणेदोनला फोन वाजला.

"झालं गं ऑपरेशन," सुमनकाकू म्हणाल्या. "अजून शुद्ध यायचीय. डॉक्टर म्हणतात, सगळं नीट आहे."

कीर्ती हमसून रडू लागली. मैत्रेयीनंच फोन हातात घेतला.